पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच!

विहिरीवरची मोटर घुमते आहे, स्टार्टरचा दिवाही लागला आहे, आणि पाटात मात्र पाण्याचा थेंब नाही, असा प्रसंग तुमच्यापैकी बहुतेकांवर आला असेल. अशा वेळी जाणता माणूस लगेच नवी मोटर आणायला धावत नाही. आधी फूटव्हॉल्व्ह पाहतो, पाइपात हवा धरली आहे का ते पाहतो. सुटे भाग आणून घरी जोडलेला नवा संगणक चालू केला आणि पडद्यावर काहीच उमटले नाही, तर हीच रीत धरावी.

आमच्याच घरची हकीगत सांगतो. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, नकाशे काढायला त्याला बरा संगणक हवा होता. कांद्याची पट्टी हाती आली तेव्हा थोरल्या भावाने मन घट्ट करून त्यातली रक्कम बाजूला काढली. शहरातून भाग आणले, पोराने दोन रात्री बसून जोडले. वहिनींनी हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. (नारळ अंगणात फोडला हे बरे केले. कुंकूही पेटीच्या जाळीपासून दूरच लावावे, पंखा ते आत ओढतो.) बटण दाबले, पंखे फिरले, आणि पडदा काळा तो काळाच. दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला, "बोर्ड गेला असेल, दुसरा घ्यावा लागेल." भाऊ काही न बोलता उठून गोठ्यात गेला.

आम्ही मात्र ठरवले, एकेक गोष्ट पाहिल्याशिवाय पैसा मोडायचा नाही. तुम्हीही तसेच करा.

सुरुवात पडद्यापासून करा. पडद्याचा स्वतःचा दिवा लागतो का? 'सिग्नल नाही' अशा अर्थाची अक्षरे क्षणभर येतात का? येत असतील तर पडदा चांगला आहे, त्याच्याकडे चित्र पोहोचत नाही एवढेच. पडद्याच्या बटणाने एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट, जी केबल लावली असेल तेच निवडा. मग पेटीच्या मागे पाहा. ग्राफिक्स कार्ड बसवले असेल तर केबल त्या कार्डालाच लावायची, वर मदरबोर्डला नव्हे. ही चूक फार जण करतात.

पुढे आत हात घालायचा आहे, म्हणून आधी प्लग काढा आणि चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच भागांना हात लावा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात जोराचा झटका देण्याइतकी वीज साठलेली असते. काही जुन्या पद्धतीच्या डब्यांना ११५ आणि २३० असे आकडे असलेली लाल कळ असते. आपल्याकडे ती २३० वरच हवी.

मदरबोर्डला विजेच्या दोन जोडण्या लागतात. २४ पिनांची मोठी सहसा कोणी विसरत नाही. दुसरी ८ पिनांची (काही बोर्डांवर ४), प्रोसेसरच्या जवळ वरच्या कोपऱ्यात असते आणि ती हमखास राहून जाते. ती नसली तरी पंखे फिरतात, पण प्रोसेसरला वीजच मिळत नाही. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची तार दिसायला तशीच असते, पण ती वेगळी. नीट बसत नसेल तर जोर करू नका. मोठ्या कार्डाला त्याची स्वतःची वीजही लावावी लागते.

त्यानंतर रॅमची पट्टी. ही पट्टी अर्धवट बसलेली असणे हे काळ्या पडद्याचे फार मोठे कारण आहे. नवा माणूस भीतभीत दाबतो. दोन्ही टोके खटकन बसली पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकच ठेवून पाहा, मग दुसरी. चार खाचा असतील तर एक पट्टी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत घालतात, तरी बोर्डासोबतच्या पुस्तिकेत पाहावे. आणखी एक लक्षात ठेवा: डीडीआर-५ जातीची रॅम पहिल्या वेळी जुळवून घ्यायला काही मिनिटे घेते. तोवर पडदा काळाच राहतो. दहा-पंधरा मिनिटे धीर धरा, मध्येच वीज तोडू नका. भारनियमनाची वेळ टाळूनच हा उद्योग करावा.

एवढ्यावर भागले नाही तर बोर्डावरचे चार बारीक दिवे पाहा. सगळ्या बोर्डांवर ते नसतात, पण असले तर वैद्याची नाडीपरीक्षाच समजा. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी त्यांची नावे. चालू करताना ते एकामागून एक लागून विझतात. जो लागून राहील त्या भागात अडचण: प्रोसेसर, रॅम, चित्र काढणारा भाग किंवा डिस्क.

नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल (सीआर २०३२) प्लग काढून पाच मिनिटे बाहेर ठेवला तर बोर्डाची मांडणी मुळावर येते. तेही करून पाहावे. मदरबोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर त्याच्यानंतरचा असेल तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. मग बोर्डातले बायॉस नवे करून घ्यावे लागते. अगदी शेवटी बोर्ड पेटीबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, त्याचा पंखा व एक पट्टी एवढ्यावर चालवून पाहावा. चुकीच्या जागी राहिलेला एखादा पितळी खुंट बोर्डाला खालून टेकून शॉर्ट करतो, तो असा उघडा पडतो.

आमच्याकडे सेलपर्यंत सगळे झाले. तारा ठीक, रॅम ठीक. व्हीजीएचा दिवा मात्र विझेना. मग पुतण्याने प्रोसेसरचे खोके हातात घेतले आणि त्यावरचे नाव मोठ्याने वाचले: आय-५, १२४००एफ. इंटेलच्या या नावातला शेवटचा 'एफ' सांगतो की प्रोसेसरमध्ये चित्र काढण्याची सोय नाही, वेगळे कार्ड हवे. एएमडीचेही असेच, रायझन ५६०० मध्ये ती सोय नाही, ५६००जी मध्ये आहे. आम्ही कार्ड घेतलेच नव्हते, आणि तसे दुकानदाराला आधी सांगितलेही होते. म्हणजे एकही भाग बिघडलेला नव्हता. दुसरा बोर्ड आणला असता तरी पडदा काळाच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः बिल आणि खोके घेऊन शहरात गेला. थोडी घासाघीस झाली, वरचे पैसे घेऊन 'एफ' नसलेला १२४०० मिळाला. पुतण्याने जुनी पेस्ट पुसून नवी लावली आणि पंखा पुन्हा बसवला. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला बटण दाबले, तेव्हा पडद्यावर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचे चिन्ह उमटले. भाऊ दारात उभा होता. आत येऊन त्याने चष्मा लावला आणि विचारले, "आता नकाशा दाखव बघू."