दहा गुणांनी बरे म्हणजे नेमके किती बरे?

कर्करोगाची गाठ किती मिलिमीटरने आकसली, हे स्कॅनवर दिसते. रुग्णाचे जगणे किती सुसह्य झाले, हे मात्र त्यालाच विचारावे लागते. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली म्हणजे ‘क्यूएलक्यू-सी30’. ‘ईओआरटीसी’ या युरोपीय संशोधन संस्थेची ही प्रश्नावली 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात तिची हिंदी आणि मराठी रूपेही रुग्णांवर पारखली गेली आहेत.

तिच्यात 30 प्रश्न आहेत. गेल्या आठवड्यात थकवा जाणवला का, झोप लागली का, मळमळले का? बहुतेक प्रश्नांना ‘अजिबात नाही’पासून ‘खूपच’पर्यंत चार उत्तरे असतात आणि त्यांतून 0 ते 100 गुण काढले जातात. समजा, एखाद्या औषधाने थकव्याचे सरासरी गुण सहाने कमी झाले. यात आनंद मानायचा की नाही?

संख्याशास्त्र याचे अर्धेच उत्तर देते. चाचणीत हजारो रुग्ण असतील, तर दोन गुणांचा फरकही ‘योगायोग नव्हे’ असे सिद्ध होऊ शकते. पण योगायोग नसलेला फरक रुग्णाला जाणवेलच असे नाही.

कॅनडातील डेव्हिड ओसोबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पेच रुग्णांकडेच नेला. स्तनाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या, केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांकडून त्यांनी प्रश्नावली पुन्हा भरून घेतली आणि सोबत विचारले: मागच्या वेळेपेक्षा किती फरक वाटतो? ‘थोडा’ म्हणणाऱ्यांचे गुण साधारण 5 ते 10 ने बदलले होते, ‘मध्यम’ म्हणणाऱ्यांचे 10 ते 20 ने आणि ‘खूप’ म्हणणाऱ्यांचे 20 हून अधिक. हा अभ्यास 1998 मध्ये छापून आला आणि ‘दहा गुण म्हणजे अर्थपूर्ण बदल’ हा ठोकताळा रूढ झाला.

ठोकताळा सोयीचा होता, म्हणून तो नको तिथेही लावला गेला. निद्रानाशाबद्दल या प्रश्नावलीत एकच प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका पायरीने बदलले की गुण थेट 33 ने हलतात. दहाने हलण्याची सोयच नाही. थकव्याचे प्रश्न तीन, म्हणून तिथली एक पायरी सुमारे 11 गुणांची. त्यामुळे रुग्णांच्या गटाच्या सरासरीसाठी काढलेला आकडा समोर बसलेल्या एका रुग्णाला जसाच्या तसा लावता येत नाही. नंतरच्या संशोधकांनी थकवा, वेदना, हालचाल अशा प्रत्येक बाबीसाठी वेगवेगळे उंबरठे सुचवले, ते यासाठीच.

सरासरी आणखी एक गोष्ट झाकते. निम्म्या रुग्णांचे गुण वीसने वाढले आणि निम्म्यांचे वीसने घटले, तर सरासरी बदल शून्य येतो. शिवाय जे सर्वाधिक खंगलेले असतात, त्यांचेच अर्ज कोरे राहतात. उरलेल्यांची सरासरी मग उगाच बरी दिसते.

सर्वांत अवघड गुंता रुग्णाच्या मनातल्या मापपट्टीचा. उपचारांपूर्वी ज्याला जिना चढून लागलेली धाप ‘खूप’ वाटायची, तोच रुग्ण केमोथेरपीचे चार महिने सोसल्यावर तेवढ्याच धापेला ‘थोडी’ म्हणतो. शरीर तसेच असते, गुण सुधारतात. मिरजॅम स्प्रँगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी 1999 मध्ये या सरकत्या मापपट्टीची सैद्धांतिक मांडणी केली. ही मोजमापातली चूक म्हणायची, की माणसाने आजाराशी जुळवून घेतल्याची खूण? दोन औषधांची तुलना करणाऱ्या संशोधकाला ती अडचण वाटेल. रुग्णाच्या दृष्टीने मात्र ते जुळवून घेणे हाच कदाचित मोठा लाभ असेल.

इतक्या त्रुटी असूनही विचारणे सोडू नये, याला भक्कम आधार आहे. न्यूयॉर्कमधील एका कर्करोग रुग्णालयात शरीरभर पसरलेल्या कर्करोगाच्या 766 रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाने आपली लक्षणे नियमितपणे संगणकावर नोंदवली आणि त्रास वाढताच परिचारिकांना सूचना गेली. या गटाची मध्यक जीवनमर्यादा 31.2 महिने भरली, तर नेहमीची देखभाल मिळालेल्या गटाची 26 महिने. हे निष्कर्ष 2017 मध्ये जाहीर झाले.

म्हणून तपासणीच्या वेळी ‘बरं आहे’ एवढ्यावर थांबू नये. मागच्या खेपेला किती पावले चालवत होती आणि आज किती चालवतात, किती वेळा झोपमोड झाली, जेवण किती गेले, हे सांगावे. आकड्याला अर्थ येतो तो या तपशिलांमुळे, आणि पुढच्या औषधाची मात्रा ठरवतानाही डॉक्टरांना तेच हवे असतात.