बाळ पोटात असलं, तरी कायदा आहे!

कुणी गरोदर बाईला जीव जाईल इतकं मारलं. ती वाचली, पण पोटातलं बाळ गेलं. गुन्हा कुठला? तुम्ही म्हणाल, मारहाणीचा. तेवढाच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९२ नुसार, अशा हल्ल्यात पोटात हालचाल करू लागलेलं बाळ दगावलं तर १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १ जुलै २०२४ पूर्वी हेच आयपीसीचं कलम ३१६ होतं.

कलम ८९ आणखी कडक. बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवला, तर जन्मठेपही होऊ शकते. ‘घरच्यांनी ठरवलं’ ही सबब चालत नाही.

मग गर्भपातच गुन्हा का? इथे गल्लत करू नका. १९७१च्या एमटीपी कायद्याच्या चौकटीत, नोंदणीकृत डॉक्टरकडून केलेला गर्भपात कायदेशीर आहे. १८ पूर्ण असतील, तर संमती फक्त तिची; आईबाबांची किंवा नवऱ्याची सही लागत नाही. २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतून अविवाहित मुलींना वगळता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२मध्ये सांगितलंय. पण परस्पर गोळ्या घेतल्या, तर कलम ८८ तिच्यावरही लागू शकतं. म्हणून मैत्रीण अडचणीत असेल, तर मेडिकलवाल्याकडे नको, तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा.