तिथी धरून नाशिक
पंचांग घेऊन प्रवास : भाग 4

उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकला काय बघायचं, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे पंचवटी, त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी आणि परतताना चिवड्याची पुडी. ते सगळं एका शनिवार-रविवारात उरकतं. पण एप्रिलच्या दुपारी दोन वाजता रामकुंडाच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवलेला माणूस पुन्हा उन्हाळ्यात नाशिकचं नाव काढत नाही. चूक नाशिकची नाही, वेळेची आहे. या दिवसांतलं जे खरोखर बघण्यासारखं आहे ते बहुतेक सूर्य कलल्यावर सुरू होतं आणि रविवार बघून ठरत नाही.

म्हणून आधी तिथीचा हिशेब. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी. त्यामुळे दर वर्षी सण तेवढे अलीकडे सरकतात आणि अधिकमास आला की एकदम पुढे जातात. 2025 मध्ये रामनवमी 6 एप्रिलला होती, 2026 मध्ये ती मार्चअखेर येते. त्याच वर्षी ज्येष्ठ अधिक असल्यामुळे 2027 ची रामनवमी थेट एप्रिलच्या मध्यावर. ‘गेल्या वर्षी याच तारखेला होतं’ या भरवशावर गाडी काढणाऱ्यांची त्यामुळे फजिती होते. रजेचा अर्ज करण्याआधी कालनिर्णय उघडावं.

रामनवमीला काळाराम मंदिरात जन्मोत्सव असतो आणि पाय ठेवायला जागा नसते. माझं मत विचाराल तर नवमी टाळा आणि दोन दिवस थांबून कामदा एकादशीला या. त्या दिवशी गरुडरथ आणि रामरथ असे दोन रथ दोर लावून माणसं ओढत नेतात. पंचवटीतल्या अरुंद रस्त्यांतून ती धुडं वळवताना बघणं हाच निम्मा उत्सव. रामरथापुढे त्या वर्षीचे मानकरी पुजारीबुवा चालतात ते रामाकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याकडे पाठ आणि पाय मागे. देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून मिरवणूकभर असंच. गरुडरथ गोदावरी ओलांडून पलीकडच्या जुन्या नाशकात फिरून येतो. रामरथ मात्र नदी ओलांडत नाही, तो पंचवटीतच थांबतो. पुढे रामकुंडावर मूर्तींचं अवभृथ स्नान होतं. गर्दीत घुसायचं नसेल तर घाटाच्या पायऱ्यांवर उन्हं उतरताच जागा धरावी.

हा रथ बघताना 1930 विसरता येत नाही. 2 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. 9 एप्रिलला रथ निघणार होता आणि तो सत्याग्रहींनीही ओढायचा असा समझोता झाला होता. तो पाळला गेला नाही. दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. रथाच्या कौतुकात हे पान वगळणारी माहितीपत्रकं मला अर्धवट वाटतात.

एकादशी आटोपली की पावलं वणीकडे वळतात. सप्तशृंगगडावरचा चैत्रोत्सव रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चालतो. देवीचं माहेर खान्देश, असं मानतात. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे भाविक पायी येतात, डोक्याला उपरणं गुंडाळून, शक्यतो रात्रीची आणि पहाटेची वाट तुडवत. पौर्णिमेच्या आदल्या रात्री गडाच्या सुळक्यावर कीर्तिध्वज लागतो. हा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे. सुळक्यावर जायला पायवाट अशी नाही. ध्वज, काठी आणि पूजेचं सामान घेऊन माणूस अंधारात कसा चढतो, यावर गडावर दर वर्षी तितक्याच चवीनं चर्चा होते. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या पायथ्याला नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीनं जावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर 2018 पासून गडावर फनिक्युलर ट्रॉली आहे, पण यात्रेत तिची रांगही पायऱ्यांइतकाच दम काढते.

आता मला ज्यासाठी हा भाग लिहायचा होता ते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या तालुक्यांत आणि घाट उतरून मोखाडा-जव्हारकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. शेतीची कामं संपलेली, पाऊस अजून लांब, अशा मोकळ्या दिवसांत कोकणा, वारली, महादेव कोळी वस्तीची गावं रात्रीमागून रात्री जागतात. देवदानवांचे मुखवटे लावून एकेक सोंग गावच्या रस्त्यावर येतं. सुरुवात गणपतीनं, मग शारदा, मग इतर देव, राक्षस, रामायण-महाभारतातली पात्रं. अखेरीस देवी आणि महिषासुराचं युद्ध. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. काहींना मागे भलीमोठी प्रभावळ बांधलेली असते. ते ओझं पेलून माणूस संबळाच्या ठेक्यावर चार पावलं पुढे, दोन मागे असा नाचत सरकतो. पुढे टेंभे धरलेले असतात. टेंभ्याचा उजेड हलला की मुखवट्याचे डोळेही हलल्यासारखे वाटतात आणि आईच्या कडेवरची पोरं तोंड लपवतात. दिव्याच्या झगझगाटात तो मुखवटा नुसता रंगवलेला कागद दिसतो, म्हणून मोबाईलचा फ्लॅश मारणाऱ्याकडे गावकरी ज्या नजरेनं बघतात ती योग्यच आहे.

यातली पुष्कळ सोंगं घराण्यांकडे वाटून दिलेली असतात. रावण अमक्यांचा, नरसिंह तमक्यांचा. मुंबई-नाशकात मजुरीला गेलेला माणूस आपल्या सोंगासाठी मुक्कामी परततो. ‘नाटक किती वाजता सुरू होतं?’ हा आपला शहरी प्रश्न तिथं लागू पडत नाही. गाव जेवून मोकळं झालं की सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. तारखाही गावागणिक निराळ्या. त्र्यंबकच्या बाजारात किंवा मोखाड्याच्या एसटी स्टँडवर चहा घेताना विचारलं की कोणत्या गावात कधी आहे ते कळतं. सोबत अंथरायला चादर आणि बॅटरी असावी. जेवणाची सोय आपली आपण.

अक्षय्य तृतीयेला कळवण, सटाणा, देवळा, मालेगाव या कसमादे पट्ट्यात एखादं ओळखीचं घर असेल तर आमंत्रणाची वाट बघू नका. तिकडे ती आखाजी. पितरांसाठी घागर भरतात, वर डांगर ठेवतात. माहेरी आलेल्या लेकी झाडाला बांधलेल्या झोक्यावर अहिराणी गाणी म्हणतात. दुपारी खापरावरचे मांडे आणि आमरस. उन्हाळ्यात दिवसा घराबाहेर पडावं असं नाशिक जिल्ह्यात मला दुसरं कारण माहीत नाही, आणि तेही दुसऱ्याच्या घरात शिरण्यासाठीच.

मे महिन्यात शहरात असाल तर गोदाघाटावर देव मामलेदार यशवंतराव महाराज पटांगणात संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला चालते. वक्ता रटाळ निघाला तरी नदीवरचा वारा मिळतो.

शेवटी काजवे. त्यांना पंचांग लागत नाही. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की, भंडारदऱ्याच्या परिसरात घाटघर, मुरशेत, उडदावणे भागातल्या हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर ते हजारोंनी लुकलुकतात. जिल्हा अहिल्यानगर, पण नाशिकहून घोटीमार्गे दोन तासांची वाट. तो उजेड म्हणजे त्यांचं जोडीदाराला बोलावणं. गाडीचे हेडलाइट पडले की ती खूण पुसली जाते, मीलन टळतं आणि पुढच्या वर्षीचे काजवे घटतात. तरी दर वर्षी हेडलाइट लावून, गाणी वाजवत झाडाखाली गाडी नेणारे असतात. वन खात्यानं प्रवेशाच्या वेळा आणि नियम घातले आहेत, ते निघण्याआधी विचारून घ्यावेत. गाडी लांब लावा, बॅटरीवर लाल कागद बांधा आणि शनिवार सोडून जा. मुक्कामाला शेंडी गावात खोल्या मिळतात, स्थानिकांच्या घरी पिठलं-भाकरीही.

पुढच्या भागात त्र्यंबकहून ज्येष्ठात निघणारी निवृत्तिनाथांची पालखी, आणि तिच्याबरोबर निदान सिन्नरपर्यंत चालायचं असेल तर काय तयारी लागते ते.