दिएन बिएन फू : वाटाघाटींआधीचा निकाल

७ मे १९५४ रोजी सायंकाळी व्हिएतनामच्या वायव्य सीमेवरील दिएन बिएन फू येथील फ्रेंच मुख्यालय व्हिएतमिन्हच्या हाती पडले. दुसऱ्याच दिवशी जीनिव्हा परिषदेत इंडोचायनाच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली. रणांगणावर निकाल लागला होता. मेजावर केवळ अटी ठरायच्या होत्या.

लाओसकडील मार्ग रोखावा आणि गनिमी काव्याने लढणाऱ्या शत्रूला उघड्या मैदानात खेचावे, या हेतूने फ्रेंचांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये या खोऱ्यात छत्रीधारी सैनिक उतरवले. भोवतालच्या डोंगरांवर शत्रूला जड तोफा चढवता येणार नाहीत आणि विमानांनी रसद अखंड मिळत राहील, ही त्यांची दोन गृहीतके होती. दोन्ही फोल ठरली.

एकेकाळी हनोईत इतिहास शिकवणारे सेनापती व्हो न्गुएन ज्याप यांनी जानेवारीत ठरलेला हल्ला ऐनवेळी रद्द केला. झटपट विजयाचा मोह टाळून त्यांनी तोफा डोंगरांच्या पोटात नव्याने दडवल्या. या तोफा सैनिकांनी दोरांनी ओढून नेल्या होत्या. चीनकडून शस्त्रे व सल्लागार मिळाले. तांदूळ आणि दारूगोळा मात्र हजारो स्त्री-पुरुषांनी खांद्यावरून व सायकलींवरून वाहिला. १३ मार्चला हल्ला सुरू झाला. महिनाअखेरीस धावपट्टी निकामी झाली आणि खंदकांचा फास आवळत गेला. छप्पन्न दिवसांनी ठाणे पडले. सुमारे दहा हजार सैनिक कैद झाले. त्यांपैकी अनेक कैदेतच दगावले.

जुलैमधील करारांनी फ्रेंच सत्तेचा शेवट निश्चित केला, पण देश सतराव्या अक्षांशावर तात्पुरता विभागला गेला. कराराच्या देखरेख आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. १९५६ पर्यंत व्हायच्या निवडणुका झाल्याच नाहीत. एकीकरणासाठी व्हिएतनामला आणखी एक भीषण युद्ध लढावे लागले.

पराभूत सैन्यात अल्जीरियन शिपाईही होते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्धाचा भडका उडाला. त्याच दिवशी पाँडिचेरीचा कारभार फ्रान्सने भारताकडे सोपवला. वसाहतीचे सैन्य समोरासमोरच्या लढाईतही हरू शकते, हे दिएन बिएन फूने दाखवून दिले होते. जिंकलेला देश एकसंध मिळेलच, याची हमी मात्र ती लढाई देऊ शकली नाही.