दिवे लागतात, पण गाडी सुरू होत नाही!

कांद्याचा हंगाम आहे. देवळ्याजवळच्या एखाद्या मळ्यात रात्रीच ट्रॉली भरून ठेवली आहे. सकाळी उमराण्याच्या बाजारात लिलावाच्या वेळेला पोहोचायचे आहे. ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी तो 'कट्ट' असा आवाज होतो आणि इंजिन गप्प! दिवे मात्र लागतात. "बॅटरी गेली," असा निकाल तिथल्या तिथे लागतो आणि हजारो रुपयांची नवी बॅटरी येते. पण दिवे लागतात तर बॅटरी खरोखरच गेली का?

आता चाकांवरची घरेही रस्त्यावर दिसू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी २०२१ मध्ये धोरण जाहीर केले. अशा गाडीत बहुधा दोन बॅटऱ्या असतात : एक इंजिनासाठी, दुसरी आतील दिवे, पंखा व पाण्याच्या पंपासाठी. ट्रॅक्टर असो वा फिरते घर, निगा राखण्यामागचे विज्ञान एकच.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाची बॅटरी बनवली. आजच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटात शिशाच्या आणि लेड डायऑक्साइडच्या पट्ट्या विरल सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात. वीज घेतली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. चार्ज करताना ही क्रिया उलटते. म्हणून आम्लाची घनता मोजली की बॅटरीची अवस्था कळते. भरलेल्या बॅटरीत विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असते, रिकाम्या बॅटरीत ते सुमारे १.१२ पर्यंत उतरते.

आता मूळ कोड्याकडे वळू. दिव्यांना साधारण १० ॲम्पिअर प्रवाह पुरतो, पण स्टार्टरला २०० ॲम्पिअर किंवा त्याहून अधिक लागतो. बॅटरीच्या खुंटीवर पांढरी-हिरवी भुकटी साचून तिथे केवळ ०.०२ ओहम रोध निर्माण झाला असे समजा. ओहमच्या नियमाप्रमाणे दिवे लावताना १० × ०.०२ = ०.२ व्होल्ट वाया जातात. डोळ्यांना फरक जाणवत नाही. २०० ॲम्पिअर वाहू पाहतील तर मात्र २०० × ०.०२ = ४ व्होल्ट, म्हणजे १२ पैकी एक तृतीयांश दाब, त्या सांध्यातच खर्ची पडेल. मग स्टार्टरला पुरेसा प्रवाह मिळणार कुठून?

दोष बॅटरीचा की सांध्याचा, हे शाळेतला मल्टिमीटर सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावा. एक टोक बॅटरीच्या खुंटीला आणि दुसरे तिच्यावरच्या क्लॅम्पला टेकवा, व सहकाऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. वाचन शून्याजवळ हवे. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर सांधा खराब. दुसऱ्या खुंटीवरही हेच करा. सांधे ठीक असून किल्ली फिरवताना दोन खुंट्यांमधील दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी उतरली आहे किंवा थकली आहे.

सांधा साफ करणे अवघड नाही. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे घाला. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. आधी ऋण तार सोडवा, मग धन; बसवताना आधी धन, मग ऋण. असे का? ऋण खुंटी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. ती जोडलेली असताना धन खुंटीवरचा पाना सांगाड्याला टेकला तर थेट शॉर्टसर्किट होते. घटांची झाकणे बंद ठेवून खाण्याच्या सोड्याचे पाणी भुकटीवर ओता. जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. नंतर स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडे करा, घट्ट बसवा आणि वर व्हॅसलिनचा थर द्या.

बॅटरीचे आयुष्य मात्र पाण्याच्या पातळीवर ठरते. चार्जिंगच्या शेवटी पाण्याचे विद्युत अपघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात. उन्हाळ्यात ही घट वाढते. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्यातील लोह व क्लोराइड पट्ट्या खराब करतात. आम्ल तर घालूच नका, कारण उडून जाते ते पाणी, आम्ल नव्हे. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरते पाणी आधी घाला, बाकीचे चार्ज झाल्यावर. सीलबंद बॅटरी उघडू नये.

हवेत ४ टक्के हायड्रोजन असला तरी तो पेट घेऊ शकतो, म्हणून पातळी बघण्यासाठी काडी पेटवणे म्हणजे डोळ्यांशी खेळ. आम्ल डोळ्यांत गेलेच तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

उतरलेली बॅटरी महिनोन्महिने तशीच ठेवली तर सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि ती पुन्हा नीट चार्ज होत नाही. फिरत्या घरात हे हमखास घडते. म्हणून साधा हिशेब ठेवावा : १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत १२ × १०० = १२०० वॅट-तास ऊर्जा असते. त्यातील निम्मीच वापरायची ठरवली तर ३० वॅटचा पंखा २० तास चालेल.

पुढच्या वेळी 'बॅटरी गेली' असे कोणी म्हटले, तर आधी मल्टिमीटर मागा. आणि ती खरोखरच गेली असेल, तर भंगारात फेकू नका. शिसे विषारी आहे; जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत करावी.