कक्कय्याच्या प्रसादाचं लेकरू: उळवीच्या वाटेवर

बसवपुराणात एक मुंगी आहे. शरण म्हणवणाऱ्या शिवभक्तांचे अग्रणी बसवण्णा ध्यानाला बसलेले असताना ती जमिनीतून वर येते आणि तिच्या तोंडात एक बारीकसं बी असतं. बसवण्णा ते बी घरी आणतात. त्यांची बहीण अक्का नागम्मा त्यांच्या नकळत ते खाते आणि तिला दिवस जातात. पोटी येतो तो चन्नबसवण्णा. लोकपरंपरा हीच गोष्ट आणखी धीटपणे सांगते. नागम्मानं खाल्लं ते डोहर कक्कय्यांच्या प्रसादातलं होतं, असं ती म्हणते. कक्कय्या ढोर होते, कातडी कमावणारे. आपल्याकडे सोलापुरापासून मुंबईपर्यंत पसरलेला ढोर-कक्कय्या समाज आजही त्यांनाच मूळपुरुष मानतो. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या ताटातल्या अन्नातून बाराव्या शतकातला एक मोठा तत्त्वज्ञ जन्माला आला, असं मानणारी माणसं याच मातीत होती. त्या चन्नबसवण्णांची समाधी उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, उळवीच्या रानात आहे.

उळवीला जाण्यापूर्वी ही कथा ठाऊक असलेली बरी. एरवी तिथलं मंदिर पाहून, गर्द झाडी पाहून माणूस खूश होऊन परततो, पण तिथे अन्नाला एवढं महत्त्व का, ते त्याला उमगत नाही.

चन्नबसवण्णा इतक्या आडरानात आले कसे, याचं उत्तर आपल्या ओळखीच्या गावांतून सुरू होतं. कलचुरी राजा बिज्जळाची राजधानी आधी मंगळवेढ्याला होती. बसवण्णांनी त्याच्या पदरी हिशेबनिसाची नोकरी धरली ती तिथेच. पुढे सत्ता कल्याणला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला गेली आणि बसवण्णा राज्याचे भांडारी झाले. त्यांच्या घराला लोक ‘महामने’ म्हणत, म्हणजे मोठं घर. तिथे रोज शरणांच्या पंगती उठत आणि त्यांच्या पत्नी गंगांबिका व नीलांबिका जातीनं वाढत. आख्यायिका जेवणाऱ्या जंगमांचा, म्हणजे फिरत्या शिवसाधूंचा, आकडा १,९६,००० सांगते. तो आकडा भक्तीचा आहे, पण पंगत खरी होती आणि त्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतो हा प्रश्न विचारला जात नव्हता, हेही खरं. (मंगळवेढ्याच्या मातीत काहीतरी असावं. तीनेक शतकांनी याच गावी दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं भुकेल्यांना मोकळी केली.)

पंगतीपर्यंत राज्यानं सोसलं, लग्न मात्र सोसवलं नाही. चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचा विवाह शरणांनी लावून दिला. बिज्जळानं दोन्ही बापांना हत्तीच्या पायी बांधून मारलं. त्यानंतर ११६७-६८ च्या सुमारास बिज्जळाचाच खून झाला, कल्याण पेटलं आणि शरण वाट फुटेल तिकडे निघाले. बसवण्णा त्याआधीच कूडलसंगमला गेले होते. चन्नबसवण्णा, त्यांची आई नागम्मा, मडिवाळ माचय्या, किन्नरी बोमय्या यांचा जथा पश्चिमेकडे सरकला. बरोबर शरणांनी रचलेल्या वचनांच्या ताडपत्रांची बासनं होती, मागे सैन्य.

या वाटेवर आज ठिकठिकाणी समाध्या आहेत. मलप्रभेच्या काठी कादरोळीला लढाई झाली, असं सांगतात. गंगांबिका त्याच परिसरात गेल्या, माचय्या कारीमनीला. आणि बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, मराठी कानांना ओळखीच्या कक्केरी गावात, कक्कय्या पडले. पाठलागावर आलेल्या सैनिकांना अडवून त्यांनी मागच्यांना रान गाठू दिलं. ज्याच्या जन्माला आपला प्रसाद कारण झाला त्याचीच वाट मोकळी करण्यासाठी हा म्हातारा उभा राहिला. उळवीच्या सगळ्या कहाणीत मला ही जागा सर्वांत मोठी वाटते.

उळवीभोवतीचं रान आज काळी व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. २००७ साली दांडेली-अणशी या नावानं तो जाहीर झाला, २०१५ मध्ये काळी नदीचं नाव मिळालं. नदी याच तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगम पावते. पूर्वी तालुक्याचं गाव सुपा होतं. १०१ मीटर उंचीचं सुपा धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. जोयड्याहून कुंभारवाड्यावरून उळवीला जाताना रस्ता सतत वळतो, मोबाईलची रेंज जाते आणि ऐन दुपारी उन्हाचे फक्त कवडसे दिसतात. आठशे वर्षांपूर्वी लपायला ही जागा का निवडली, ते सांगावं लागत नाही.

मुख्य मंदिरात चन्नबसवण्णांची समाधी आहे, तिला गद्दिगे म्हणतात. मंदिराबाहेरच्या जंगलात अक्का नागम्माची गुहा, आकळ गुहा, महामने गुहा अशा जागा आहेत, आणि हरळय्याच्या नावाचा एक झराही आहे. कल्याणच्या मोठ्या घराचं नाव निर्वासितांनी एका कपारीला द्यावं, हे तिथे उभं राहून ऐकताना गळ्याशी दाटून येतं. राजवाड्याएवढ्या घरातली पंगत मोडली म्हणून त्यांनी पंगतच मोडली नाही. खडकाच्या छपराखाली ती पुन्हा मांडली.

चन्नबसवण्णांनी शरणांच्या विचाराला शिस्त लावली. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य या सहा पायऱ्यांचं षट्स्थल त्यांनी नीट बांधून दाखवलं. तिसरी पायरी पाहा: प्रसादी. जे जे वाट्याला येतं ते देवाचं उष्टं म्हणून स्वीकारायचं, आणि म्हणून ते एकट्यानं गिळायचं नाही. यातूनच दासोह उभा राहतो. आपल्याकडच्या अन्नदानाशी तो वरवर सारखा दिसतो, पण आतून वेगळा आहे. दानात देणारा वर असतो. दासोहात वाढणारा सेवक असतो, आणि वाढलेलं अन्न त्याच्या स्वतःच्या घामाचं असावं लागतं. लुटीचं, लाचेचं, गरजेपेक्षा जास्त गोळा केलेलं चालत नाही.

हे सगळ्यांत नेमकं आयदक्की लक्कम्मा या शरणीच्या गोष्टीत कळतं. तिचा नवरा मारय्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणायचा आणि त्यावर दोघं जंगमांना जेवू घालायची. एके दिवशी त्यानं नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मानं त्याला दारातच अडवलं: ही हाव राजांना शोभते, आपल्याला नाही, जादा आहे ते परत टाकून ये. मारय्या गेला आणि टाकून आला. पुरीच्या महाप्रसादाचं, शिखांच्या लंगरचं, पंढरीच्या गोपाळकाल्याचं मोल आपण जाणतोच. पण अन्न वाढण्याआधी ते कुठून आलं हे विचारणारी ही बाई मला त्या सगळ्यांत वेगळी दिसते.

उळवीची जत्रा माघात, भारत पौर्णिमेच्या सुमारास भरते. तेव्हा जायला हवं. बेळगाव, धारवाड, गदग, हावेरीकडून शेतकरी बैलगाड्यांनी निघतात. बैलांच्या अंगावर झुली, गळ्यात घुंगुरमाळा. ट्रॅक्टर आले, बस आल्या, तरी गाडीनंच जायचा नेम कितीतरी घरं सोडत नाहीत. गाडीत कडबा, भांडी, धान्याची पोती. वाटेवर खायला ज्वारीच्या कडक भाकरी, कारळ्याची आणि शेंगदाण्याची चटणी. मुक्कामी तीन दगडांच्या चुली पेटतात, आणि शेजारच्या गाडीला विचारल्याशिवाय कुणी पानावर बसत नाही.

या भागातल्या जत्रांचं ठरलेलं गोड म्हणजे हुग्गी, गव्हाची खीर. सोलापूर-कोल्हापूरकडच्यांना ती सांगायला नको. गहू ओलवून कांडतात, कोंडा पाखडून काढतात आणि मोठ्या कढईत लाकडाच्या जाळावर दाणा फुटेपर्यंत रटरट शिजवतात. गूळ अगदी शेवटी पडतो, कारण तो आधी पडला की गहू शिजायचा थांबतो. खोबरं, खसखस, बडीशेप, वेलदोडा नंतर. कढईशी उभा असलेला माणूस खुरप्यासारख्या लांब पळीनं तळ खरवडत राहतो, क्षणभरही हात थांबवत नाही, कारण एकदा खाली लागलं की सगळ्या कढईला वास येतो. घामानं निथळणाऱ्या त्या माणसाला कुणी नाव विचारत नाही, तोही सांगत नाही.

भोवतालच्या पाड्यांवर कुणबी राहतात, कोकणी-मराठी बोलणारे. रानात पोट कसं भरतं हे त्यांच्याकडून शिकावं. कोन, कणगा, मुडली, सुरण असे कंद ते परसात लावतात. मुडली अळवाच्या कुळातली. तिचा गड्डा हाताएवढा लांब वाढतो आणि घरात बरेच दिवस टिकतो. पावसाळ्यात वाट बंद पडली, भात कमी पिकलं, तरी मातीखाली अन्न असतं. अलीकडे हिवाळ्यात जोयड्याला या कंदांचा मेळा भरतो आणि शहरातली माणसं पिशव्या घेऊन येतात. चांगली गोष्ट आहे. रानातून लोकांना उठवा म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे येऊन ही माणसं रानात काय काय जपतात ते पाहावं.

जायचं तर दिवाळीनंतर, पाऊस ओसरला की. पावसाळ्यात गुहांच्या वाटेवर जळवा असतात आणि दगड निसरडे. बेळगावहून खानापूर, अळणावर, हल्याळ, दांडेली, जोयडा असा रस्ता आहे. गोव्याकडून येणाऱ्यांना अनमोड चढून रामनगर, जगलबेटवरून यावं लागतं. जंगलखात्याचे नियम पाळावेत, प्लास्टिक परत न्यावं, गुहांकडे वाटाड्या घेऊनच जावं. दासोहासाठी घरून शिधा न्यावा: तांदूळ, गूळ, तूरडाळ, जे जमेल ते. आणि खानापूर ओलांडताना कक्केरीला थांबावं. उळवीला जाणारे पुष्कळ आहेत, कक्कय्यांपुढे नारळ ठेवून पुढे जाणारे त्या मानानं फार थोडे.