पाळकाचे शिक्षण आणि वस्तीची व्यथा

ख्रिस्ती पाळकाचे शिक्षण वर्गात व्हावे की वस्तीत, हा धर्मविद्यालयांपुढील जुना प्रश्न होय. चेन्नईत त्याला जे उत्तर मिळाले, ते एका मराठी विचारवंताने मांडले. त्या उत्तराचे दलित साहित्याशी असलेले नाते ध्यानात घेण्याजोगे आहे.

आठवडाभर ग्रंथाध्ययन आणि सुटीच्या दिवशी गरीब वस्तीत सेवाकार्य, ही सर्वपरिचित पद्धत. तीत ज्ञान विद्यालयाकडून वस्तीकडे जाते; वस्ती केवळ घेणारी ठरते. या गृहीतावरच अरविंद पी. निर्मल (१९३६–१९९५) यांनी बोट ठेवले. भारतीय ख्रिस्ती चिंतन ब्राह्मणी दर्शनपरंपरेशी संवाद करण्यात गुंतले आणि मंडळीतील बहुसंख्य दलितांचा अनुभव बाजूस राहिला, असे त्यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथील व्याख्यानात प्रतिपादन केले. पुढे १९८७ मध्ये चेन्नईच्या किलपॉक भागातील गुरुकुल लुथरन थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईश्वरविज्ञानाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला, त्याची धुरा त्यांच्याकडे आली.

लॅटिन अमेरिकेतील मुक्तिवादी ईश्वरविज्ञानाने कृतीला अग्रस्थान दिले होते. निर्मल यांच्या मते ज्ञानाच्या क्रमात व्यथा कृतीच्याही आधी येते. दुःख भोगणाऱ्याला ईश्वराची ओळख त्या भोगातच पटते. हे मान्य केले की वस्ती ही सेवेचे क्षेत्र न राहता अध्ययनाचे मूळस्थान बनते. मराठी वाचकाला ही भूमिका अनोळखी नाही. बाबुराव बागुलांची कथा, १९७२ मधील दलित पँथर, १९७८ चे दया पवारांचे ‘बलुतं’ यांनी भोगलेल्या अनुभवाला असाच प्रामाण्याचा अधिकार मागितला होता.

चेन्नईत या विचाराची कसोटी रोजच्या व्यवहारात लागते. २००० पासून शहराच्या मध्यभागातील झोपड्यांतून हजारो कुटुंबे दक्षिणेकडील कण्णगी नगरसारख्या वसाहतींत हलविली गेली. अशा स्थलांतरात रोजगार दुरावतो, मुलांची शाळा बदलते, प्रार्थनेला एकत्र येणारी मंडळी विखुरते. तेथे पाळकाला उपदेशाइतकेच अर्ज लिहिणे, कचेरीत सोबत जाणे आणि मुख्यतः ऐकून घेणे शिकावे लागते.

प्रश्न भाषेचाही आहे. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या द्वारे ख्रिस्ती भक्तीला मराठी वळण दिले. परंतु देशी वाणी म्हणजे कोणाची वाणी, हा पुढचा प्रश्न उरतोच. मदुराईच्या तमिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीत विद्यार्थ्यांनी गरीब वस्तीत राहून शिकण्याची योजना रुजली. तेथील अध्यापक जे. थिओफिलस अप्पावू (१९४०–२००५) यांनी बोलीतील शब्द आणि लोकसंगीताच्या चाली उपासनेत आणल्या.

तथापि एक पेच शिल्लक राहतो. बाहेरून आलेला विद्यार्थी वस्तीत राहिला, तरी निघून जाण्याची मुभा त्याच्या हाती असते. दलित कुटुंबातून आलेल्याला मात्र पदवीच आपल्या माणसांपासून दूर नेण्याचा संभव असतो. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींचा दर्जा नाही. म्हणजे जातीची झळ आहे, सवलत नाही. अशा स्थितीत, शिकलेला पाळक आपल्या लोकांची भाषा विसरला नाही ना, यावरूनच त्याच्या शिक्षणाचे मोल ठरावे.